लाकडी होडी : जुनी दुरुस्त करावी की नवीन बांधावी? (हतनूरचा फुगवटा, तापी)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. गावातल्या एका भोई काकांकडून जुनी लाकडी होडी घेतली आहे. लांबी चौदा फूट, फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या बाभळीच्या, खिळे लोखंडी. काका आता पत्र्याच्या होडीतून जाळी टाकतात, त्यामुळे ही दोन-तीन उन्हाळे निंबाखाली उलटी पडून होती. आता आत डोकं घालून पाहिलं की फळ्यांच्या फटींतून सरळ उजेड दिसतो. लाकूड मात्र ठोकून पाहिल्यावर खणखणीत वाजतं.

मला मासेमारी करायची नाही. हिवाळ्यात चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत वल्हवत जावं, जमलं तर एखादं शीड बसवावं, इतकीच हौस. गावातला वेल्डर म्हणतो पत्र्याची करून देतो. पुण्याचा मित्र म्हणतो वरून फायबर मार. घरचे म्हणतात विकून टाक. इथे लाकडात हात घातलेली माणसं आहेत, म्हणून विचारतो.

केळीवाला

कायले डोकं फोडतं भो? केळीचे चार खांब बांध, तराफा तयार. फुकटात. नाही आवडला तर बैलांले टाकून दे, होडी काही बैल खात नाही.

सातपुड्याचा_सुतार

तापीकाठ भाऊ, फटी पाहून घाबरू नका. खणखणीत वाजतंय ना, मग फळ्या मेलेल्या नाहीत, वाळल्या आहेत. आपल्याकडच्या मे महिन्यात हवेत ओल अशी राहतच नाही, आणि आठ इंच रुंदीची सागाची फळी हिवाळी पाण्यातली आणि मे महिन्यातली मोजली तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. साग सगळ्यांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी, तरी एवढं. बाकी लाकडांचं विचारूच नका.

तेव्हा पहिलं काम म्हणजे काहीही न भरणं. एम-सील नको, पुट्टी नको, डांबरही नको. वाळलेल्या फटीत कडक होणारं काही भरलं आणि मग होडी पाण्यात टाकली, तर फळ्या फुगायला जागा शोधतात. जागा मिळाली नाही की त्या फासळ्यांवर जोर देतात, खिळे उपसतात, कधी फासळीच तडकते. आधी होडी फुगवा. काठालगत कमरेएवढ्या पाण्यात दगड भरून बुडवून ठेवा, आठ-पंधरा दिवस. ते जमत नसेल तर सावलीत ओली बारदानं गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. अर्ध्याहून जास्त फटी आपोआप मिटतील. ज्या उरतील त्यांत सुताची वात छिन्नीने हळूहळू ठोकून बसवायची आणि वरून राळ तेलात उकळून लावायची. मऊ राहणारा माल हवा, लाकडाबरोबर हलणारा.

खरी भीती मला खिळ्यांची आहे. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं. प्रत्येक खिळ्याजवळ टोचा मारून बघा. सुईसारखा आत गेला तर तो खिळा काढा, भोक स्वच्छ करा आणि शेजारी नव्या जागी तांब्याचा किंवा स्टेनलेसचा घाला. जुन्या भोकात जाड खिळा ठोकू नका.

भुसावळकर

सुतारदादा, पण फायबरचं काय वाईट आहे? माझ्या मेव्हण्याने वॉटर टँकवर मारून घेतलं, पाच वर्षं झाली, थेंब गळत नाही.

सातपुड्याचा_सुतार

टाकी सिमेंटची, ती हलत नाही. फळ्यांची होडी रोज हलते. फायबरचा थर एकसंध कडक, त्याखाली पंधरा फळ्या प्रत्येकी वेगळ्या फुगणार-आक्रसणार. पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात जोडावर केसासारखी चीर जाते, तिथून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. वरून चकचकीत, आतून कुजकी. असल्या होड्या मी गुजरातेत असताना फोडलेल्या आहेत, थर सालीसारखा सोलून हातात यायचा. फायबर आणि इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारा चिकट माल) लाकडावर जरूर चालतात, पण होडी पहिल्यापासून त्यासाठी बांधलेली हवी, म्हणजे लाकूड हलणारच नाही असं.

अहिराणी_पोर्‍या

भाऊ, नाव पाणीमा ठेवानी वस्तू शे, निंबना झाडखाले नही. बस, मना इतलाच सल्ला शे.

पांझराकाठची

पोर्‍या, वर्षातले सहा महिने जिथे पाणीच नसतं तिथे ठेवायची कुठे, तेही सांग!

पण त्याच्या बोलण्यात मुद्दा आहे, आणि तोच मला मांडायचा होता. मी धुळ्याची, शाळेत शिकवते, आणि गेल्या दोन-अडीच वर्षांत प्लायवूडच्या छोट्या होड्या बांधण्याचा नाद लागलाय. कोकणातली होडी पाण्यात राहते, दमट हवेत राहते, म्हणून फळ्यांची बांधणी तिथे शोभते. आपली होडी वर्षातला जास्त काळ शेडमध्ये किंवा ट्रॉलीवर, ४५ अंशांच्या उन्हात. ती कधी पाण्यात असेल तर चार तास. अशा होडीला खाणार आहे ते ऊन. तेव्हा बांधणीही अशी हवी की जी सुकण्याला दाद देत नाही. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो रुंदीत जवळजवळ हलत नाही.

पद्धत अशी, की प्लायचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे, होडीचा आकार आला की आतल्या सांध्यात इपॉक्सीचा गोलसर लेप द्यायचा आणि त्यावर फायबरची पट्टी. मग तारा कापून टाकायच्या, बाहेरूनही पट्टी. सांगाडा नाही, फासळ्या जवळजवळ नाहीत. १९६३ मध्ये इंग्लंडात ‘मिरर’ नावाची अकरा फुटांच्या आतली होडी याच पद्धतीने आली. एका वर्तमानपत्राने ती घरी बांधण्याच्या संचात विकली आणि ज्यांनी आयुष्यात रंधा धरला नव्हता त्यांनी गॅरेजात हजारोंनी बांधल्या. आरेखन जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांचं.

तार कुठे मिळेल म्हणून शोधत बसू नका. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आपल्याकडे प्रत्येक गावात आहे, विहिरीतली मोटार जळाली की आपण तिथेच जातो. त्याच्याकडची जुनी वाइंडिंग तार वजनावर मिळते. एक मिलिमीटरच्या आसपासची घ्या.

केळीवाला

ताई, रिवाइंडिंगवाला इचारीन कायले पाहिजे, त्याले सांगीन होडी शिवायले, तो मले येड्यात काढीन.

भुसावळकर

प्लाय कोणता? इथे दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो.

पांझराकाठची

शिक्का वाचा. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन ग्रेड. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, होडीला नको. एमआर (नुसती ओल सोसणारा) लिहिलेला असेल तर हातही लावू नका. शिक्क्यावरही विश्वास नसेल तर दुकानातून हातभर तुकडा मागून घ्या आणि घरी मोठ्या पातेल्यात उकळा. ७१० ची चाचणी ७२ तास उकळण्याची असते, तेवढा गॅस कोण जाळणार, पण एक दिवस मधूनमधून उकळून, मधूनमधून वाळवून थर सुटतात का ते दिसतं. माझ्याकडे एका नामांकित दिसणाऱ्या शीटचा तुकडा दुपारपर्यंत पुस्तकासारखा उलगडला होता.

जाडी ६ मिमी पुरते. आठ बाय चारची शीट १२-१३ किलो भरते, म्हणजे दोघांनी उचलता येईल अशी होडी होते. शीट आठ फुटांची आणि होडी चौदा-पंधरा फुटांची, म्हणून सांधा लागणार. दोन्ही शीटची टोकं तिरकी रंधून एकमेकांवर चिकटवायची. उतार आठास एक धरा, ६ मिमीला साधारण पन्नास मिमीचा उतार. प्लायचे थर रंधल्यावर पट्ट्या दिसतात, त्या सरळ समांतर आल्या की उतार बरोबर आलाय.

आणि कापण्याआधी दहास एक मापाने पुठ्ठ्याची होडी करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. आराखड्यात चूक असेल तर ती तिथेच कळते, तीन हजारांच्या शीटवर कळण्यापेक्षा बरं.

सातपुड्याचा_सुतार

ताई, तुमचं मान्य आहे, पण इपॉक्सीचं खान्देशातलं गणित वेगळं सांगा. नाहीतर हे लोक मे महिन्यात दुपारी डबा कालवतील.

पांझराकाठची

हो, ते राहिलंच.

इपॉक्सीची राळ (रेझिन) आणि तिला घट्ट करणारा हार्डनर एकत्र झाले की स्वतःच गरम होतात. हवा दहा अंशांनी तापली की घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर लिहिलेला अर्धा तास २५ अंशांचा असतो. ४० अंशांत तो दहा मिनिटांवर येतो, आणि खोल मगात कालवलं तर त्यातून धूर निघतो, खरोखर धूर. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ताटलीत ओतायचं. हार्डनर ‘स्लो’ मागायचा.

दुसरं, वेळ. उघड्या लाकडावर पहिला हात सकाळी मारू नका. ऊन चढतं तशी लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. दुपार उतरल्यावर, तापमान खाली येत असताना मारा, म्हणजे लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत सोयीचा. डिसेंबरच्या कडाक्यात रात्री पारा दहाच्या खाली गेला तर दुसऱ्या दिवशीही चिकट राहतं.

सांध्याच्या लेपाला इपॉक्सीत बारीक भुसा मिसळायचा. आरागिरणीतला जाड भुसा नाही, पॉलिश पेपर मशीनच्या पिशवीतला पिठासारखा. थोडी सिलिका पावडर घातली की ओघळत नाही. वाळल्यावर वर मेणचट थर येतो तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच घासा. तसंच घासलं तर पेपर भरतो आणि रंग सुटतो.

शेवटी रंग, आणि इथे मी हट्टी आहे. पांढरा किंवा अगदी फिका. नुसती पारदर्शक इपॉक्सी सुंदर दिसते, पण उन्हाने ती खडूसारखी भुरभुरते. वर गडद निळा-लाल मारला तर मे महिन्याच्या उन्हात पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जातो आणि घरी कालवलेली साधी इपॉक्सी त्याच्या आधीच मऊ पडायला लागते. होडी ट्रॉलीच्या आधारावर वाकलेली सापडते.

भुसावळकर

एवढं सगळं करून लाकूड-इपॉक्सी टिकते का पण? का दोन वर्षांची मजा?

कोकणातून_बदलीवर

नौदलाची ‘म्हादेई’ आठवा. २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे ज्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली आहे आणि तिचा सांगाडा नव्हे, अख्खं अंगच सीडरच्या लाकडी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी फायबर आणि इपॉक्सी असं आहे. ५६ फूट. तिने केप हॉर्न, दक्षिण अमेरिकेचं वादळी टोक, पाहिलं, हतनूरने काय होतंय.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. सुतारदादांच्या सांगण्याप्रमाणे टोचा घेऊन बसलो होतो. मागच्या बाजूचे सात-आठ खिळे गेलेत, पुढचे बरे आहेत. होडी उद्या पाण्यात बुडवतो. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “आम्ही दर आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) असंच करायचो, तुला कोणी सांगितलं?”

आता शिडाचं. इथे वारा कसा धरायचा? हिवाळ्यात पाणी आरशासारखं असतं, पान हलत नाही.

पांझराकाठची

आपल्या वाऱ्याचा हाच तर घोळ आहे. साक्रीच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या. एप्रिलअखेरपासून पश्चिमेचा वारा तापीच्या खोऱ्यात घुसतो, दुपारी तीननंतर तर टोपी राहत नाही. पण तेव्हा पाणी खाली गेलेलं आणि ऊन जीवघेणं. पाणी भरलेलं असतं ते सप्टेंबरनंतर, तेव्हा वारा मेलेला. म्हणून आमच्या होडीला वल्ही ही मुख्य आणि शीड हे लाडाचं. मार्चमधल्या संध्याकाळी दोन्ही थोडं थोडं मिळतं.

एक गंमत मात्र आहे. तापी पश्चिमेकडे वाहते आणि उन्हाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे जाताना शिडावर प्रवाहाविरुद्ध वर जायचं, येताना शीड गुंडाळून प्रवाहाबरोबर यायचं. नाईलवर हजारो वर्षं हेच चालत आलंय, फक्त तिथे दिशा उत्तर-दक्षिण. प्रवाहाला वारा समोरून भिडला की लाटा मात्र आखूड आणि उभ्या होतात, तेवढं सांभाळा.

हतनूरला आणखी एक हिशोब ठेवा. भिंत पश्चिमेला आहे. पश्चिमेचा वारा बंद पडलेल्या होडीला दरवाजांपासून दूर, चांगदेवकडे ढकलतो. पूर्वेचा वारा उलट. त्यामुळे पूर्वेचा वारा असताना भिंतीच्या बाजूला जाऊच नका. आणि पावसाळ्यात ४१ दरवाजांपैकी किती उघडलेत हे पेपरात वाचून घरी चहा प्यायचा.

कोकणातून_बदलीवर

शिडासाठी उंच डोलकाठी नको. चौकोनी शीड करा, वर एक बांबू, खाली एक बांबू, मधे आखूड डोलकाठी. वारा वाढला तर दोरी सोडली की सगळं खाली. सातपुड्यातला भरीव मानवेल बांबू यासाठी फार चांगला. कापड म्हणून पांढरी ताडपत्री चालते. मंडपवाल्याच्या मशीनवर दुहेरी शिवण मारून घ्या. पण सपाट चौकोन शिवलात तर तो पडदा होईल, शीड नाही. कडा जराशा बाहेर गोल कापा म्हणजे शिवल्यावर पोट येतं. चौदा फुटांच्या होडीला सहा-सात चौरस मीटर पुष्कळ.

आणि तळाला काही आडवं धरणारं नसेल तर होडी वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी तिरकी सरकेल. मधोमध भोक पाडून फळा घालण्याऐवजी बाहेरून कडेला लटकणारा फळा करा. बॅकवॉटरमध्ये बुडालेली झाडांची खोडं, जुन्या घरांचे पाये आणि जलपर्णी असते, बाहेरचा फळा आपटला की वर उडतो आणि होडीत भोकही राहत नाही.

नर्मदाकाठ_धडगाव

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

सरदार सरोवराचं पाणी आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या गावांत शिरल्यापासून इथे बोट म्हणजे हौस नाही. शाळा, बाजार, रेशन, बाळंतपण, सगळं बोटीतून. दवाखानाही बोटीतला, तरंगता. २०१९ च्या संक्रांतीला आमच्याच तालुक्यात नर्मदेत भरलेली बोट उलटली, माणसं गेली, त्यांत लेकरं होती. तेव्हापासून मी बोट बघितली की पहिल्यांदा तिची पाण्यावर राहिलेली कड बघतो.

हिशोब अवघड नाही. होडीचा पाण्याला टेकलेला भाग तीन चौरस मीटर असेल तर तीस किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाते. दोन माणसं बसली की पाच सेंटिमीटर गेले. सहा बसली की चौदा-पंधरा. त्यात एक जण फोटोला उभा राहिला की संपलं. कड पाण्यावर वीतभर तरी राहील एवढीच माणसं घ्या, आणि पाहुण्यांना नाही म्हणायला शिका.

पुढे-मागे हवाबंद कप्पे करा, नाहीतर खाद्यतेलाचे वीस लिटरचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून बाकाखाली बांधा. एक कॅन जवळपास वीस किलो उचलतो. मग उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून बघा, तुम्ही आत बसलेले असताना ती तरंगते का. जाकीट अंगात घालायचं, बाकावर ठेवायचं नाही. पोहता येतं म्हणणारेच आधी जातात.

पांझराकाठची

दादा, राग कसला. माझ्या शाळेच्या पोरांसाठी जी आठ फुटी होडी बांधतेय, तिच्यात तीन कप्पे आहेत. ‘ऑप्टिमिस्ट’वरून घेतलंय, क्लार्क मिल्सने १९४७ मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी केलेली पेटीसारखी होडी. कॅनची कल्पना मात्र मोठ्या होडीत वापरते.

भुसावळकर

परवानगी लागते का हो? इंजिन नाही, नुसतं वल्हं.

सातपुड्याचा_सुतार

इंजिन नसलं तरी धरणाच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासेमारीचा ठेका सोसायटीचा. सोसायटीच्या माणसांशी आधी बोला, जाळी कुठे असतात ते तेच सांगतील. कोणाच्या जाळ्यात वल्हं अडकवलंत तर कापू नका, सोडवा. हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बदकांचे थवे बसलेले असतात, त्यांच्यात होडी घालू नका, पक्षीमित्र मंडळी रास्त चिडतात.

केळीवाला

२०१६ च्या कायद्यात तापी राष्ट्रीय जलमार्ग झाली म्हणे, नंबर १००. आमच्या शिवारात मे महिन्यात त्या राष्ट्रीय जलमार्गावर म्हशी बसतात. त्यांची परवानगी घ्या पहिले.

तापीकाठ

😀 केळीवाला भो, तुझ्याच ट्रॅक्टरने होडी काठावर नेतोय, विसरू नको.

ठरलं असं. जुनी होडी फुगवून, खिळे बदलून काकांच्या देखरेखीखाली उभी करणार, ती पाण्यातच राहील, हतनूर भरलेलं असेपर्यंत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या डबक्यात बुडवून ठेवायची असं काका म्हणतात. आणि शेडमध्ये राहणारी, ट्रॉलीवर नेता येणारी प्लायची दुसरी, जानेवारीत सुरू. पांझराकाठची ताई, तुमचे आराखडे पाहायला धुळ्याला येऊ का?

पांझराकाठची

या की, रविवारी. येताना शेतातले चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणा. दोन-दोन इंचांच्या चकत्या कापून एका बाजूला चिरल्या की कडा चिकटवताना धरायला चिमटे तयार. बाजारात एक क्लॅम्प दीडशेला आहे आणि लागतात पन्नास. ठिबकची जुनी १६ मिमी नळी असेल तर तीही आणा, उभी चिरून होडीच्या कडेवर चढवली की धक्क्याला घासत नाही.

केळीवाला

ठिबकच्या नळ्या माझ्याकडे दोन ट्रॉल्या पडेल हायेत. किती पाहिजे?

पांझराकाठची

दहा मीटर!